बचावपटूचा बचाव कोण करतो?

भारताचा माजी फुटबॉलपटू अनस एडथोडिका याच्या कारकिर्दीची यादी समोर ठेवली की एक विचित्र गोष्ट दिसते. २००७ मध्ये तो मुंबई एफसीत आला. २०११ मध्ये पुणे एफसीत गेला. २०१५ मध्ये त्याला दिल्ली डायनामोजने घेतलं आणि २०१९ मध्ये तो कोलकात्याच्या एटीकेकडे होता. या चारपैकी एकही क्लब आज त्या नावाने अस्तित्वात नाही. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ मध्ये. दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये भुवनेश्वरला हलला आणि ओडिशा एफसी झाला. एटीके २०२० मध्ये मोहन बागानमध्ये विलीन झाला. माणूस खेळत राहिला, क्लब एकेक करून मागे संपत गेले.

अनस मूळचा केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा. पण व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून तो घडला महाराष्ट्रात. वयाच्या विशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची आठ वर्षं त्याने मुंबई आणि पुण्यात काढली. तरी आपल्याकडे किती जणांना त्याचं नाव माहीत आहे? मराठी मुसलमानांच्या घरात खेळाचा विषय निघाला की सलीम दुराणी, अझरुद्दीन आणि आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला श्रीरामपूरचा झहीर खान ही नावं निघतात. पुण्याच्या बालेवाडीत चार वर्षं बचावफळी सांभाळलेला अनस कुणाला आठवत नाही.

मी राहतो रांजणगावात. बाहेरच्या लोकांना हे गाव अष्टविनायकातल्या महागणपतीमुळे आणि एमआयडीसीमुळे ठाऊक आहे. इथे नवा माणूस भेटला की नावगावानंतर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘परमनंट का कंत्राटी?’ त्या उत्तरावर मुलाचं लग्न, खोलीचं भाडं, बँकेचं कर्ज, सगळं ठरतं. अनसच्या कारकिर्दीबद्दल वाचत गेलो तेव्हा मला सारखा हाच प्रश्न आठवत राहिला. भारतीय फुटबॉलचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती मांडता येतो, असं मला वाटतं. तो मांडला की अनसची गोष्टही नीट कळते.

कौम, खातं, कंपनी, फ्रँचायझी

खेळाडूचा मालक कोण, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे चार वेळा बदललं.

पहिलं उत्तर होतं कौम. १८९१ मध्ये कोलकात्यात मोहम्मडन स्पोर्टिंग स्थापन झाला. १९३४ मध्ये त्याने कलकत्ता लीग जिंकली. ती जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं ती त्याच्याकडेच राहिली. मुंबईत गोऱ्या पलटणींची मक्तेदारी असलेला रोव्हर्स कप १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने जिंकला. १९४० मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगने रोव्हर्स आणि ड्युरंड हे दोन्ही करंडक उचलले. ड्युरंड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ होता. त्या काळात देशभरातून चांगले मुसलमान खेळाडू कोलकात्याला जात. तिथे त्यांना संघ मिळे, राहायला जागा मिळे आणि मैदानाबाहेर हजारो लोकांची माया मिळे. या विजयांना राजकीय रंगही चढला होता. पण त्यापलीकडे एक साधी गोष्ट होती, ज्यांना इतर दारं सहज उघडत नव्हती त्यांच्यासाठी हे एक दार होतं.

दुसरं उत्तर होतं खातं. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. खेळाडू पोलीस खात्यात नोकरीला आणि मैदानावर संघात. मुंबईतही रेल्वे, एअर इंडिया, आरसीएफ, बँका असे संघ होते. गिरण्यांचे आणि उद्योगांचेही होते, मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र. मुलगा चांगला खेळतो म्हणून त्याला चिकटवून घेत. सकाळी सराव, दुपारी टेबलावर सही, संध्याकाळी सामना. गुडघा गेला किंवा वय झालं तरी खुर्ची शिल्लक राही. पगार मोठा नसेल, पण पेन्शन होती, क्वार्टर होतं. आजही मुंबईतल्या जुन्या खेळाडूंशी बोललात तर ते क्लबचं नाव सांगताना ‘मी अमुक संघात होतो’ म्हणत नाहीत, ‘मी अमुक ठिकाणी कामाला होतो’ म्हणतात. त्या एका वाक्यात तो सगळा काळ आहे.

या पद्धतीचे तोटेही होते. खेळ हा नोकरीचा जोडधंदा राहिला. मैदानं, प्रशिक्षण, आहार, सगळं जेमतेम. आशियात आपण मागे पडत गेलो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवलं, त्यानंतर तशी उंची पुन्हा आली नाही. २००० च्या आसपास रोव्हर्स कपही बंद पडला. तोवर गिरण्या गेल्या होत्या आणि खात्यांमधली भरतीही आटत चालली होती.

मग आलं तिसरं उत्तर, कंपनी. म्हणजे कंपनीने चालवलेला, पण पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूंचा क्लब. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २००७ मध्ये राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग आली आणि त्याच वर्षी मुंबई एफसी आणि पुणे एफसी हे दोन नवे क्लब उभे राहिले. पुणे एफसीमागे अशोक पिरामल समूह होता. खेळाडूला आता नोकरी नव्हती. त्याच्या हातात करार होता, ठरावीक वर्षांचा, ठरावीक रकमेचा.

अनस या टप्प्यावर आला.

मलप्पुरम ते कूपरेज

मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा, आणि तिथे फुटबॉल हे जवळपास दुसरं व्यसन आहे. भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात बांबूच्या आणि सुपारीच्या खांबांच्या गॅलऱ्या उभ्या राहतात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात ‘सेव्हन्स’ म्हणजे सात-सात जणांचे सामने होतात. तिकीट काढून हजारो लोक येतात. आफ्रिकेतून आलेले खेळाडूसुद्धा त्यात खेळतात. त्या मातीतल्या मुलाला खेळाची ओढ कुठून आली, हे विचारायची गरज नाही. प्रश्न असतो पैशाचा. विद्यार्थीदशेत अनस घरखर्चाला हातभार म्हणून रिक्षा चालवायचा. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावरही त्याने ते लपवलं नाही.

मुंबई एफसीने २००८ मध्ये आय-लीगचा दुसरा विभाग जिंकला आणि वरच्या विभागात प्रवेश मिळवला. २००९ मध्ये क्लबची सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली. कुवेतमध्ये जन्मलेले, महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले आणि मुंबईचेच झालेले जमील तोवर मुंबई एफसीतच खेळाडू होते. हा श्रीमंत क्लब नव्हता. मोठे परदेशी खेळाडू आणून सामने जिंकणं त्याला परवडत नव्हतं. अशा संघाचं सगळं बळ असतं ते गोल खाऊ न देण्यात. मागे घट्ट राहायचं, जागा सोडायची नाही, एक गुण तरी घरी न्यायचा. सेंटर बॅकला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

बचावपटूचं काम कसं असतं, ते थोडं सांगायला हवं. आघाडीचा खेळाडू नव्वद मिनिटांत एकदा नीट खेळला तरी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. बचावपटू एकोणनव्वद मिनिटं नीट खेळला आणि एकदा घसरला, तर तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. त्याच्या कामाची मोजणी ‘न घडलेल्या’ गोष्टींत होते. जर्नैलसिंगचं उदाहरण घ्या. आशियातला एक मोठा बचावपटू. पण लोक त्याची आठवण काढतात ती जकार्तातल्या अंतिम सामन्याची, कारण त्या दिवशी डोक्याला टाके असताना रहीम यांनी त्याला पुढे खेळवलं आणि त्याने दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला. आयुष्यभर गोल अडवणारा माणूस लक्षात राहिला तो गोल मारला म्हणून.

बालेवाडीची चार वर्षं

२०११ मध्ये अनस पुणे एफसीत आला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, म्हणजे महिंद्र युनायटेडला लीग जिंकून देणारे, आणि स्वतः साळगावकरचे जुने बचावपटू. २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. वर फक्त गोव्याचा चर्चिल ब्रदर्स होता. मोहन बागान, ईस्ट बंगाल, डेंपो, सगळे पुण्याच्या खाली. त्यानंतर डच प्रशिक्षक माइक स्नुई आले, मग मोरोक्कोचे करीम बेन्शरिफा. २०१४ मध्ये पुण्याचा संघ आशियाई पातळीवर एएफसी कप खेळला. क्लबची अकादमी देशातल्या चांगल्या अकादमींत गणली जाई.

हे सगळं आपल्याच जिल्ह्यात घडत होतं. रांजणगावातून शिक्रापूर, वाघोली करत पुणं ओलांडलं की बालेवाडी. पण शिवछत्रपती क्रीडासंकुलाच्या त्या मोठ्या स्टेडियममध्ये प्रेक्षक मोजकेच असत. संघ वर चढत होता आणि शहराला त्याचा पत्ता नव्हता. क्लबला शहराने आपलं मानलं नाही, म्हणून तो बंद होताना शहराला काही गेल्यासारखं वाटलं नाही.

कारण तोवर चौथं उत्तर आलं होतं, फ्रँचायझी. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. टीव्ही, सिनेमातले तारे, परदेशी निवृत्त दिग्गज. पुण्यात एफसी पुणे सिटी नावाचा नवा संघ आला. त्याच सुमारास कल्याणी समूहाने आय-लीगसाठी भारत एफसी काढला. म्हणजे २०१४-१५ मध्ये पुण्यात एकाच वेळी तीन व्यावसायिक क्लब होते. त्यातला भारत एफसी एक हंगाम खेळून बंद झाला. पुणे एफसीही २०१५ मध्ये थांबला आणि त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. मग २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही संपला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. पाच वर्षांत तिन्ही गेले. मुंबईत त्याआधीच, २०१० मध्ये, महिंद्र युनायटेडने गाशा गुंडाळला होता.

एमआयडीसीत राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. गेटवरची पाटी बदलते, ठेकेदार बदलतो, आतला माणूस तोच असतो आणि त्याची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

एक्केचाळीस लाख ते एक कोटी दहा लाख

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. फ्रँचायझीने अनसचं वाईट केलं नाही. जुलै २०१५ च्या लिलावात दिल्ली डायनामोजने त्याला ४१ लाखांना घेतलं. तिथे त्याचा प्रशिक्षक होता ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस, पुढच्या वर्षी इटलीचा झांब्रोटा. दोघंही विश्वचषक जिंकलेले, दोघंही बचावपटू. दोन्ही वर्षी दिल्ली उपांत्य फेरीत पोचली. २०१७ मध्ये तो मोहन बागानकडून आय-लीग खेळला आणि खेळाडूंच्या संघटनेने त्याला वर्षातला सर्वोत्तम भारतीय खेळाडू निवडलं. त्याच वर्षीच्या आयएसएल ड्राफ्टमध्ये जमशेदपूर एफसीने सगळ्यात पहिलं नाव त्याचंच घेतलं. किंमत १ कोटी १० लाख. रिक्षा चालवलेल्या मुलासाठी हे लहान अंतर नाही. खात्याच्या काळात कुठल्याही बचावपटूला एवढा पैसा स्वप्नातही दिसला नसता.

त्या २०१६-१७ च्या हंगामात आणखी एक गोष्ट घडली. मोहन बागानचं विजेतेपद एका गुणाने हुकलं. बागानचे ३६ गुण, मिझोरामच्या ऐझॉल एफसीचे ३७. आणि ऐझॉलचे प्रशिक्षक होते खालिद जमील. मुंबई एफसीने त्यांना आदल्या वर्षी नारळ दिला होता. ज्यांच्या हाताखाली अनस शिकला त्यांनीच त्याच्या संघाच्या तोंडचा घास काढला. आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात तो तळाला गेला आणि बंद झाला.

देशाची जर्सी अनसला उशिरा मिळाली, तिसाव्या वर्षी. २२ मार्च २०१७ ला कंबोडियाविरुद्ध त्याचा पहिला सामना झाला. चंडीगडचा संदेश झिंगन आणि तो अशी जोडी जमली. त्या वर्षी भारत आशियाई चषकासाठी पात्र ठरला. १० जून २०१८ ला अंधेरीत इंटरकॉन्टिनेंटल कपच्या अंतिम सामन्यात भारताने केनियाला २-० ने हरवलं. दुसऱ्या गोलच्या वेळी मागून लांब चेंडू दिला तो अनसने. छेत्रीने तो छातीवर घेऊन जाळ्यात टाकला. ज्या शहरात त्याची कारकीर्द सुरू झाली होती तिथेच हे घडलं, भरलेल्या स्टेडियममध्ये. तिथे त्याचा पहिला क्लब मात्र उरला नव्हता.

जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात भारताने थायलंडला ४-१ ने हरवलं. १४ जानेवारीला शारजात बहारीनशी बरोबरी पुरेशी ठरेल अशी स्थिती होती. चौथ्याच मिनिटाला अनस जखमी होऊन बाहेर गेला. सामन्याच्या अगदी शेवटी पेनल्टीवर गोल बसला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी अनसने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी पुन्हा बोलावणं आलं आणि तो परतलाही, पण मधले काही महिने कुणी परत देत नाही.

पुढे केरळ ब्लास्टर्स, मग एटीके. १४ मार्च २०२० ला एटीकेने गोव्यात चेन्नईयिनला ३-१ ने हरवून आयएसएल जिंकली, कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. अनसच्या संघाला लीगचं विजेतेपद मिळालं ते असं, प्रेक्षक नसताना. काही महिन्यांत एटीके हा स्वतंत्र क्लबही इतिहासजमा झाला. अनस पुन्हा जमशेदपूरला गेला, मग केरळात परतला आणि २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या मलप्पुरम एफसीकडून खेळून थांबला.

मग काय निवडायचं?

कौमचा क्लब माया द्यायचा, पण फक्त आपल्यांना. खात्याने भाकरी दिली, पण खेळ वाढू दिला नाही. कंपनीने आणि फ्रँचायझीने खेळ वाढवला, पैसा दिला, पण उद्याची हमी काढून घेतली. एक मात्र चांगलं झालं. आज मलप्पुरमच्या मुसलमान मुलाला मोहन बागानच्या बचावात उभं राहताना कुणी जात-धर्म विचारत नाही, टॅकल बघतात. १९३० च्या दशकातल्या आपल्या वाडवडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांना ते सहज पटलं नसतं. ही मिळकत मी कमी लेखणार नाही.

पण हमीचा प्रश्न मोठा होत चालला आहे. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवून ठेवण्यात आला, कारण फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीसारख्या व्यवस्थित म्हणवणाऱ्या क्लबने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. छेत्री त्याच संघात. जिथे छेत्रीचा पगार थांबतो, तिथे नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या नव्या मुलाला कोण विचारतो? नेमक्या त्याच महिन्यात खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. तेरा वर्षांनी या जागेवर पूर्णवेळ भारतीय माणूस बसला. हीही आठवण ठेवण्यासारखी गोष्ट आहे. मुंबई एफसी बुडाला, पण जमील वाचले, कारण पायांतला खेळ संपण्याआधी त्यांनी दुसरा हुनर हाती घेतला होता. त्यांनी प्रशिक्षकाची परवान्यांची शिडी एकेक पायरी करत चढली.

म्हणून मोहल्ल्यातला एखादा मुलगा ‘मला फुटबॉल खेळायचं आहे’ म्हणाला तर त्याला हसू नका आणि नुसती दुवा देऊनही थांबू नका. क्लबचं नाव विचारा, मग करार किती वर्षांचा ते विचारा. दुखापत झाली तर उपचार कोण करणार, क्लब बंद झाला तर थकीत पैसे कोण देणार, ते कागदावर आहे का बघा. शिक्षण सोडू देऊ नका. पंचविशीतच प्रशिक्षकाचा पहिला परवाना काढायला लावा. मुलगा जर सेंटर बॅक असेल तर हे जरा जास्तच काळजीने करा. त्याचं नाव पेपरात उशिरा येईल, कदाचित येणारही नाही.

अनसने आपल्या गोलसमोर उभं राहून दुसऱ्यांची राखण केली. पुणे एफसीच्या २०१२-१३ च्या त्या दुसऱ्या क्रमांकात त्याचा वाटा होता. पुण्याच्या क्रीडाइतिहासात कुणी तो हंगाम लिहिणार असेल, तर चर्चिलच्या खालोखाल पुण्याचं नाव लिहिताना बचावफळीतल्या या माणसाचंही नाव लिहावं. क्लब राहिला नाही, म्हणून निदान नोंद तरी राहू द्या.